कासच्या फुलांपर्यंत चाकांची वाट हवी

सप्टेंबर लागला की आमच्या पावण्यातल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विषय. कासला कधी जायचं? कंपनीतले ग्रुप, सोसायटीचे ग्रुप, दहावीच्या बॅचचे ग्रुप. कोणाची इनोव्हा, कोणाची ट्रॅव्हलर, शुक्रवारी रात्री निघायचं की शनिवारी पहाटे, वाटेत मिसळ कुठे खायची, सगळं ठरतं. ठाणे-बेलापूर रोडच्या धुरात आणि एमआयडीसीच्या वासात वर्ष काढलेल्या माणसाला दोन दिवस फुलं बघावीशी वाटली तर त्यात गैर काहीच नाही. उलट हक्कच आहे तो.

पण या सगळ्या यादीत एक नाव कधीच नसतं. ज्याच्या घरात व्हीलचेअर आहे त्याचं. त्याला कोणी मुद्दाम वगळत नाही. "तो कसा येणार?" हे सगळ्यांनी मनातल्या मनात आधीच ठरवलेलं असतं, म्हणून विचारतच नाहीत. आणि घरचेही म्हणतात, "तुम्ही जाऊन या, आम्हाला फोटो पाठवा."

आजची पोस्ट या फोटो पाठवण्याबद्दल आहे. थोडी लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडून एक काम करून घ्यायचं आहे.

आधी जे कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. कास पठार साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर, यवतेश्वरचा घाट चढून गेलं की समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. आपल्या पावण्याहून जवळपास अडीचशे किलोमीटर. खाली सगळा जांभा खडक, त्यावर मातीचा अगदी पातळ थर. मोठी झाडं तिथे फारशी तगत नाहीत, आणि म्हणूनच पावसाळ्यात या पातळ मातीवर छोट्या फुलझाडांचं राज्य असतं. फुलणाऱ्या वनस्पतींच्या ८५० हून अधिक जाती या परिसरात नोंदल्या गेल्या आहेत. त्यातल्या कित्येक सह्याद्रीबाहेर कुठेच सापडत नाहीत. वायतुऱ्याचं शास्त्रीय नावच साताऱ्यावरून पडलंय, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाच्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत घेतल्या, त्यातल्या चार महाराष्ट्रातल्या. कोयना, चांदोली, राधानगरी आणि आपलं कास.

म्हणजे हे काही कोणाच्या मालकीचं फार्महाऊस नाही. सगळ्या जगाचा ठेवा आहे. सगळ्या जगाचा म्हटल्यावर त्यात बसून फिरणारा माणूसही आला की नाही?

माझा एक शाळेतला दोस्त आहे. नाव लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही. कारखान्यातल्या अपघातात मणक्याला मार बसला आणि तेव्हापासून तो व्हीलचेअरवर आहे. घरी बसून हिशेबाची कामं करतो, दोन पोरांना शिकवलं, गावकीच्या भांडणात त्याचा शब्द मानतात. बिचारा वगैरे अजिबात नाही. मागच्या वर्षी मी कासहून आल्यावर त्याला मोबाईलवर फोटो दाखवत होतो. त्याने शांतपणे सगळे पाहिले आणि विचारलं, "ही फुलं जमिनीपासून किती उंच असतात रे?"

मी म्हटलं, "बरीचशी बोटभर. काही वीतभर. बघायला खाली बसावं लागतं."

तो हसला. "म्हणजे मी तुझ्यापेक्षा जवळच आहे की त्यांच्या. मी बसलेलाच आहे."

या वाक्याने माझी बोलती बंद झाली. खरंच आहे ना. सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू ही सगळी मंडळी जमिनीलगतची. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून पाच फुटांवर असतात, व्हीलचेअरवरच्या माणसाचे चार फुटांच्या आत. एखादा उंच किल्ला, एखादा सुळका म्हटला तर समजू शकतो की निसर्गानेच तिथे अट घातलीये. पण कास हे पठार आहे! सपाट आहे. डांबरी रस्ता थेट वरपर्यंत जातो. फुलं रस्त्याच्या कडेपासूनच सुरू होतात. महाराष्ट्रातल्या नावाजलेल्या निसर्गस्थळांमध्ये चाकांच्या खुर्चीला इतकी सोयीची जागा शोधून सापडायची नाही. अडचण आहे ती शेवटच्या शे-दोनशे पावलांची.

आता ती पावलं व्हीलचेअरच्या बाजूने मोजून बघा. चालणाऱ्याला जे दिसतसुद्धा नाही ते चाकाला अडतं. व्हीलचेअरची पुढची दोन चाकं छोटी असतात. ओल्या मातीत ती रुततात. जांभा म्हणजे खरखरीत, खाचखळग्यांचा दगड, त्यात ती अडकतात आणि माणूस पुढे तोंडावर पडायची भीती. पठारावर ठिकठिकाणी पाणी साचतं, तेच तर त्या फुलांचं घर, पण पायवाट त्याच्या कडेने चिखलाची होते. वाटेत एक पायरी, एक आडवा दगड, एक अरुंद फाटक, यातलं काहीही एक पुरतं. चालणारा त्यावरून उडी मारतो, मग फोटो काढतो. चाकावरचा तिथेच थांबतो.

आणि अडचण पठारावर पोचल्यावर सुरू होत नाही, ती घरातून निघतानाच सुरू होते. माझ्या दोस्ताने मला जे सांगितलं ते कुठल्याही पर्यटनाच्या जाहिरातीत सापडणार नाही. लांबचा प्रवास असला की तो आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितो. का? वाटेत त्याला जाता येईल असं स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते. पाटी असते, खुर्चीचं चित्र असतं, पण कधी आत बादल्या आणि झाडू ठेवलेले, कधी कुलूप, कधी दारापुढेच एक पायरी. मणक्याच्या दुखापतीच्या माणसाने पाणी तोडणं म्हणजे लघवीच्या संसर्गाला आमंत्रण. अडीचशे किलोमीटर जायचं आणि अडीचशे किलोमीटर यायचं, म्हणजे फुलं बघायची तर दोन दिवस तहानलेलं राहायचं. ही किंमत आपल्यापैकी कोणी दिलीये का?

मग मुक्काम. एकदा एका लॉजवाल्याने फोनवर त्याला छातीठोकपणे सांगितलं, "लिफ्ट आहे साहेब, काही काळजी करू नका." लिफ्ट होती. बाथरूमचं दार दोन फुटांचं. खुर्ची साधारण सव्वादोन फुटांची. तीन इंचांनी अख्खी ट्रिप गेली. म्हणून तो आता कुठे जायचं म्हटलं की आधी दाराचं माप विचारतो, आणि समोरचा त्याला वेड्यात काढतो.

एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. चांगली गोष्ट आहे, अनेकांना तिचा आधार आहे. पण बसच्या पायऱ्या होत्या तशाच आहेत. सवलत दिली, पायरी ठेवली. आपल्याकडच्या बऱ्याच कल्याणाचं हेच चित्र आहे.

आता कोणी म्हणेल, "अहो पत्रकार, कासवर सिमेंट ओतायला सांगताय काय? फुलं मरतील!" हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो खरा असू शकतो. कासवर सिमेंटचा रस्ता झाला तर मी स्वतः विरोधात उभा राहीन. पातळ मातीच्या त्या सड्यावर पाण्याची वाट अडवली तर फुलांचं घरच उठेल. फुलं राहिलीच नाहीत तर कोणाला काय दाखवणार? चालणाऱ्याला नाही आणि खुर्चीवरच्यालाही नाही.

पण प्रामाणिकपणे सांगा, फुलं आज कशाने मरताहेत? व्हीलचेअरच्या चाकाने? की सेल्फीसाठी फुलांच्या गालिच्यात लोळणाऱ्या माणसांनी? गर्दी हाताबाहेर गेली म्हणूनच तर तिथे दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा घालावी लागली, ऑनलाईन बुकिंग आलं, शुल्क आलं. कुंपण हवं की नको यावर वाद झाले. गुरं चरणं फुलांना चांगलं की वाईट यावर अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनी मतं मांडली. म्हणजे कास "जसं आहे तसं" कोणीच ठेवलेलं नाही. माणसांची ये-जा आधीपासून आहे आणि तिचं व्यवस्थापनही आहे. मग प्रश्न उरतो तो एवढाच की हे व्यवस्थापन करताना कोणाचा विचार करायचा.

याचं उत्तर जगभर एकच सापडलंय. उचललेली फळ्यांची वाट. जमिनीपासून थोडी वर, खालून पाणी वाहतं, उजेड जातो, आणि माणूस वाटेवरून खाली उतरत नाही. आता गंमत बघा, अशी वाट फुलांना वाचवते, कारण तीन हजार माणसांचे सहा हजार बूट मातीवर न पडता फळीवर पडतात. म्हणजे जी गोष्ट खुर्चीसाठी लागते तीच गोष्ट फुलांसाठी लागते. दिव्यांग विरुद्ध निसर्ग असं भांडण आपणच उगाच लावून दिलंय.

उदाहरण लांब शोधायची गरज नाही. चेन्नईच्या मरीना बीचवर नोव्हेंबर २०२२ मध्ये वाळूतून थेट समुद्राजवळ जाणारी लाकडी वाट खुली झाली. २६३ मीटर लांब, ३ मीटर रुंद. लोक पहिल्यांदा खुर्चीवर बसून लाटांपर्यंत गेले. पुढच्याच महिन्यात मँडूस चक्रीवादळ आलं, वाटेचं नुकसान झालं, महापालिकेने ती पुन्हा दुरुस्त केली. मला यातली दुरुस्ती जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याकडे उद्घाटनाची फीत कापायला दहा पुढारी असतात, दुसऱ्या वर्षी निखळलेली फळी ठोकायला एकही नसतो.

आणि ज्यांना कासच्या तोडीचं ठिकाण हवंय त्यांनी दक्षिण आफ्रिकेतलं केपटाऊन बघावं. तिथलं कर्स्टनबॉश उद्यानही फुलांसाठीच प्रसिद्ध आहे आणि जागतिक वारसा यादीतल्या प्रदेशाचा भाग आहे. तिथे २०१४ मध्ये झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा १३० मीटरचा वळणावळणाचा पूल उभा राहिला, आणि त्यावरून व्हीलचेअर जाते. झाडांच्या शेंड्यांवर खुर्ची नेता येते, तर बोटभर फुलांच्या शेजारी नेता येणार नाही?

दुसरा आक्षेप. "येतात किती जण असे?" हा प्रश्न मला कार्यालयांमध्ये नेहमी ऐकायला मिळतो. उत्तर सोपं आहे. नदीवर पूल नसताना "पोहून किती जण येतात" हे मोजून पूल बांधायचा की नाही ते ठरवतात का? वाटच नाही म्हणून जे येत नाहीत ते तुमच्या रजिस्टरमध्ये दिसणार कसे? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यातले ५४ लाख चालण्या-हलण्याच्या अडचणीचे. महाराष्ट्रात एकूण २९ लाख ६३ हजार. त्या वेळी कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार कमी होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. म्हणजे आकडा वाढणार, कमी होणार नाही.

शिवाय सपाट वाट फक्त खुर्चीवाल्याची नसते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई, हार्टचे पेशंट असलेले काका, पोटुशी सून, बाबागाडीतलं लेकरू, काठी टेकणारे आजोबा, सगळे तिच्यावरून चालतात. आज तुमच्या घरातले किती जण गाडीतच बसून राहतात आणि म्हणतात, "तुम्ही जाऊन या रे, मी इथेच बसते"? त्यांचाही हिशोब धरा की.

तिसरा आक्षेप तर प्रेमापोटी येतो. "अरे, आम्ही आहोत ना, उचलून नेऊ!" हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाला चार मित्रांनी पोत्यासारखं उचलून न्यायचं, येणारे-जाणारे मोबाईल काढून शूटिंग करणार, खाली कोणी "माणुसकी अजून जिवंत आहे" असं लिहून टाकणार. त्याला फुलं बघायची होती, रील व्हायचं नव्हतं. शिवाय निसरड्या दगडावर उचलणाऱ्याचा पाय घसरला तर दोघांचं काय होईल? मदत करायला कोणाचीच ना नाही. पण ज्याला स्वतः जाता आलं असतं त्याला मदतीवर अवलंबून ठेवायचं आणि वर आपणच उपकार केल्यासारखं वागायचं, हे बरोबर नाही.

आता कायद्याचं. काही लोकांना वाटतं, ही सोय म्हणजे सरकारची मेहेरबानी. तसं नाहीये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. त्याच्या कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन यात इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा हक्क आहे, आणि त्यात मोकळ्या हवेतली शिबिरं आणि साहसी उपक्रम यांचासुद्धा स्पष्ट उल्लेख आहे. ज्या आंतरराष्ट्रीय कराराच्या आधारावर हा कायदा आला, त्याला भारताने २००७ मध्येच मान्यता दिली होती, आणि त्यात पर्यटनस्थळांपर्यंत पोचण्याचा हक्क शब्दात लिहिलेला आहे. सार्वजनिक इमारती सुगम करायला कायद्याने पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम २०१७ चे. मुदत संपली २०२२ ला.

त्यानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल दिला. सुगमतेचे मापदंड नुसती शिफारस म्हणून ठेवणारा नियम १५ हा मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि पाळणं बंधनकारक असेल अशी किमान मानकं तयार करायला केंद्राला सांगितलं. साध्या भाषेत, "जमलं तर करा" हे धोरण चालणार नाही, असं देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने सांगितलंय.

आता कोणी वकिली करेल की पठार म्हणजे इमारत नाही. ठीक आहे. पण तिकीट खिडकी बांधलेली आहे ना? स्वच्छतागृह बांधलेलं असतं ना? वाहनतळ आखलेला आहे ना? तिथून तरी सुरू करा.

महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला, तेव्हा देशातलं पहिलं राज्य म्हणून आपण पाठ थोपटून घेतली. मग त्या विभागाने, वन विभागाने आणि पर्यटन विभागाने एका टेबलावर बसून कासचा प्रश्न एका दिवसात मार्गी लावावा. तीन विभाग एकमेकांकडे बोट दाखवत बसले तर मात्र फुलांचे आणखी दहा हंगाम निघून जातील.

यात एक बाजू विसरून चालणार नाही. ती म्हणजे कासच्या आसपासच्या गावांची. पठाराची देखभाल तिथल्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या वन विभागाबरोबर करतात. गावातली पोरं-पोरी हंगामात तिकीट फाडतात, गर्दी आवरतात, फुलांची नावं सांगतात. आपण शहरवाले दोन तास येऊन नाकं मुरडून जातो. त्यामुळे सगळा खर्च आणि सगळी जबाबदारी त्यांच्या गळ्यात मारायची आणि वर त्यांनाच शिव्या घालायच्या, हे मला मान्य नाही. वाटेचा पैसा शासनाने द्यावा. समितीच्या पोरांना दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यावं. खुर्ची कुठे धरायची, उतारावर उलटी कशी उतरवायची, आणि मदत करण्याआधी त्या माणसाला विचारायचं कसं. त्याचा रोजगार त्याच गावांना मिळावा. एक कुटुंब आज खुर्चीमुळे येत नाही तेव्हा एक माणूस कमी येत नाही, पाच माणसं येत नाहीत. ती पाच माणसं आली तर जेवणार तिथेच, राहणार तिथेच.

तर नुसती तक्रार नको म्हणून मागण्या लिहितो. बघा यात काही अवाजवी वाटतंय का.

१. पठाराच्या कडेला, डांबरी रस्त्यालगत, जिथे माणसांच्या पायांनी जमीन आधीच दबलेली आहे अशा जागी साधारण शंभर-दीडशे मीटरची उचललेली वाट. जागा वनस्पती-अभ्यासकांनी ठरवावी, पुढाऱ्यांनी नाही. अख्खं पठार नको. एक तुकडा द्या, पण नीट द्या.

२. ती वाट मापात असावी. दोन खुर्च्या एकमेकींना ओलांडतील एवढी रुंद, वळायला दीड मीटरची जागा, चढ असेल तर एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी. फळ्या पावसात न घसरणाऱ्या, फटी चाक अडकणार नाही एवढ्या बारीक, कडेला चाक घसरू नये म्हणून पट्टी. आणि कठडा असा की बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर आडवा येणार नाही. नाहीतर एवढा खर्च करून त्याला कठड्याचा रंग बघायला मिळायचा.

३. दिव्यांगांची गाडी वाटेच्या तोंडापर्यंत सोडावी. गर्दीच्या दिवशी बसने ने-आण होत असेल तर त्यात किमान एक बस रॅम्पची.

४. एक तरी स्वच्छतागृह खऱ्या अर्थाने वापरता येईल असं. दार ९० सेंटिमीटर, आत खुर्ची वळेल एवढी जागा, धरायला दांडे, आणि मुख्य म्हणजे कुलूप नाही, आत झाडू-बादल्यांचं गोदाम नाही.

५. बुकिंग करतानाच खरी माहिती. वाट किती लांब, कुठे चढ, स्वच्छतागृह कुठे, मदतीला कोण. फोटोसकट, मापासकट. ही मागणी पूर्ण करायला फार तर एक टेप आणि एक मोबाईल लागतो. ही याच हंगामात होऊ शकते.

६. बांधण्याआधी व्हीलचेअर वापरणाऱ्या चार माणसांना तिथे बोलवा. त्यांना फिरून बघू द्या. कागदावरचा रॅम्प आणि चाकाखालचा रॅम्प यात किती फरक असतो ते आपल्याकडच्या अर्ध्या सरकारी कार्यालयांबाहेर दिसतं. घसरगुंडीसारखे रॅम्प बांधून ठेवलेत. पोरं त्यावर खेळतात, खुर्ची चढत नाही.

आता साताऱ्याला शहाणपण शिकवताना आपल्या अंगणाकडेही बघू. नवी मुंबईची ओळख आता फ्लेमिंगोंचं शहर अशी करून दिली जाते. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. ऐरोलीला जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोटी सुटतात. पण बोट म्हटली की भरती-ओहोटी आली. पाणी उतरलं की बोट खाली जाते, खुर्चीचा माणूस वर राहतो. तरंगता धक्का आणि हलता रॅम्प हे त्यावरचं जुनं, जगभर वापरलं जाणारं उत्तर. वाशीचं महापालिकेचं ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांसाठी किती चांगलं काम करतं हे आपण अभिमानाने सांगतो. मग तिथली मुलं मोठी झाल्यावर त्यांनी फ्लेमिंगो बघायचे कुठून, खिडकीतून? स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असा नियम आहे. त्या निधीत फिरण्याचा, मोकळ्या हवेचा, आनंदाचा वाटा किती, हा प्रश्न आपल्या नगरसेवकांना विचारायला काय हरकत आहे?

आणि पावण्याबद्दल तर बोलायलाच नको. दिवसभर कंटेनर, टँकर आणि ट्रेलर, फूटपाथ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते महापालिकेला विचारावं तर एमआयडीसीकडे बोट, एमआयडीसीला विचारावं तर महापालिकेकडे. या पट्ट्यातल्या कारखान्यांनी हजारो घरं चालवली हे खरं, पण इथल्याच अपघातांनी काही माणसांना खुर्चीवरही बसवलं. नुकसानभरपाईचा चेक दिला की आपला संबंध संपला असं आपण मानतो. त्या माणसाला पुढे तीस-चाळीस वर्षं जगायचं असतं. औषध, पेन्शन, प्रमाणपत्र याच्या पलीकडे त्यालाही एखाद्या रविवारी घराबाहेर पडावंसं वाटतं. धुकं बघावंसं वाटतं. तो हे मागत नाही, कारण मागितलं की लोक म्हणतात, "याला आता फुलं बघायचीयेत!" जणू फुलं बघायला पाय लागतात.

सात वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी कासवर आहे. ती फुलते तेव्हा लोक सुट्ट्या टाकून जातात, कारण पुढची संधी सात वर्षांनी. खुर्चीवरच्या कित्येक माणसांची मात्र पहिली संधीच अजून आलेली नाही.

म्हणून काम सांगतो. तुमच्यापैकी जे या हंगामात कासला जाणार आहेत त्यांनी खिशात एक मोजपट्टी ठेवा. तिकीट खिडकीजवळच्या पायऱ्या, स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी, रस्त्यापासून पहिल्या फुलापर्यंतचं अंतर, एवढं मोजा, फोटो काढा आणि मला पाठवा. नावं ठेवायला नाही, नोंद करायला. जे चांगलं असेल तेही लिहा, कारण काही चांगलं असलं तर ते खुर्चीवरच्या माणसापर्यंत पोचलं पाहिजे. ऐरोलीला जाणाऱ्यांनीही हेच करा. आलेली सगळी माहिती एकत्र करून, सह्यांसकट, सातारा वन विभाग, पर्यटन विभाग आणि दिव्यांग कल्याण विभागाला निवेदन देणार आहे. त्याची पोचही इथे टाकेन आणि उत्तर आलं की उत्तरही. नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

आणि ट्रिपची यादी करताना तुमच्या ग्रुपमधल्या त्या एका नावाला या वेळी फोन करा. "तू कसा येणार" हे त्यालाच विचारा. तुमच्यापेक्षा जास्त विचार त्याने केलेला असतो.

#कास_पठार #दिव्यांग_हक्क #पावणे #नवी_मुंबई